खाल्लं मीठ आणि निळा सूट: जपानी टोळीपटांतली शैली आणि आशय

भाडोत्री मारेकऱ्याला दारूचं, बाईचं नाहीतर पैशाचं वेड असतं, हा सिनेमाचा जुना रिवाज. 1967 सालच्या ‘ब्रँडेड टू किल’ या जपानी चित्रपटातल्या गोरो हानादाला वेड आहे शिजत्या भाताच्या वासाचं. काम फत्ते करून घरी आला की तो बायकोला भात टाकायला लावतो, भांड्यावर नाक धरतो आणि वाफ छातीत भरून घेतो. चेहऱ्यावर एखाद्या समाधिस्थ माणसासारखं सुख. हे असं का, ते चित्रपटात कुणीही सांगत नाही.

हा चित्रपट पाहून स्टुडिओचा अध्यक्ष इतका भडकला, की वर्षभरात दिग्दर्शक सेइजुन सुझुकी यांची नोकरी गेली. तक्रार एकच: यांचे चित्रपट कळत नाहीत आणि पैसाही मिळवून देत नाहीत. पुढे जगभरच्या रसिकांनी सुझुकींना डोक्यावर घेतलं, तरी त्यांच्याबद्दलचा एक आक्षेप अजून पुसला गेलेला नाही. नुसती शैली, आत काही नाही! माझ्या मते हा आक्षेप चुकीच्या जागी बोट ठेवतो. तो कसा, हे कळायला आधी या चित्रपटांचा साचा माहीत हवा.

साचा काय होता

‘याकुझा’ हा शब्द पत्त्यांच्या जुगारातून आला. ओइचो-काबू नावाच्या खेळात आठ, नऊ आणि तीन अशी पानं आली की बेरीज वीस होते, म्हणजे हाती शून्य. या तीन आकड्यांच्या उच्चारांतून ‘या-कु-झा’ झालं. बिनकामाचा डाव, बिनकामाचा माणूस.

साठच्या दशकात तोएई या कंपनीनं या बिनकामाच्या माणसाला नायक केलं. केन ताकाकुरा, कोजी त्सुरुता हे त्याचे चेहरे. या ‘निंक्यो’ चित्रपटांचा सगळा डोलारा दोन शब्दांवर उभा होता. ‘गिरी’ म्हणजे खाल्ल्या मिठाला जागणं, आणि ‘निंजो’ म्हणजे माणसाच्या मनाची ओढ. या दोहोंत नायक भरडला जायचा. अपमान गिळत राहायचा आणि शेवटी एका रात्री तलवार घेऊन शत्रूच्या अड्ड्याकडे एकटा, फार तर एका मित्राला सोबत घेऊन, चालू लागायचा. प्रेक्षकाला हे सगळं आधीपासून ठाऊक असे, आणि तो नेमकं तेच पाहायला येत असे.

आपल्याकडे आशय आणि आकृतिबंध यांवरचा वाद साहित्यातून आला. मर्ढेकरांचं नाव त्यात हमखास निघतं. जपानी टोळीपटांत हाच प्रश्न फार रोखठोक रूपात उभा राहतो. आशय जर कंपनीच ठरवून देत असेल, तर दिग्दर्शकानं आपलं म्हणणं मांडायचं तरी कुठे?

ठरलेलं काम

सुझुकींचा जन्म 1923 चा, टोकियोतला. दुसऱ्या महायुद्धात त्यांना सैन्यात भरती व्हावं लागलं. ज्या जहाजांतून ते जात होते ती हल्ल्यांत बुडाली. एकदा तर सुटका होईपर्यंत ते कित्येक तास समुद्रात तरंगत होते. युद्धानंतर शोचिकू स्टुडिओत सहायक दिग्दर्शक, 1954 मध्ये निक्कात्सु कंपनीत, आणि 1956 पासून स्वतंत्र दिग्दर्शक. पुढच्या बारा वर्षांत त्यांनी या एका कंपनीसाठी चाळीसच्या आसपास चित्रपट केले.

तेव्हा एका तिकिटात दोन चित्रपट दाखवत. मोठ्या नटाचा, मोठ्या खर्चाचा पहिला. त्याला जोड म्हणून दुसरा. सुझुकींच्या वाट्याला बहुतेकदा हा दुसरा येई. पटकथा कंपनीची, नट कंपनीचे, चित्रीकरणाला साधारण पंचवीस दिवस. संकलन-ध्वनीला जेमतेम वेळ. ‘ब्रँडेड टू किल’चं काम प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी संपलं. गोष्ट तीच, मारामारी तीच. बदलता येण्याजोगं काय उरलं? रंग, नेपथ्य, कॅमेऱ्याची जागा आणि दोन दृश्यांमधला सांधा. या कामात सुझुकींना कलादिग्दर्शक ताकेओ किमुरा यांच्यासारखा जोडीदार मिळाला.

तांबडी भिंत

1963 मधल्या ‘कांतो वाँडरर’मधलं एक दृश्य मी कितीदा पाहिलं असेन. जुगाराच्या अड्ड्यावर नायक तलवार उपसतो, दोघांना कापतो. त्याच क्षणी मागच्या कागदी सरकत्या भिंती कोसळतात आणि त्यांच्यामागे खोली नसते, अंगण नसतं, रस्ता नसतो. असतो नुसता तांबडा रंग, पडदाभर.

ही युक्ती काबुकी रंगभूमीच्या जातकुळीतली आहे. तिथे नेपथ्य प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत बदलतं आणि त्यात कुणाला खोटेपणा वाटत नाही. पण दृश्यात ती काय करते ते पाहा. कथेच्या हिशेबात हा क्षण पराक्रमाचा. इतके दिवस सोसलं, आता निष्ठेचा विजय! भिंत पडते आणि त्या विजयाच्या पाठीमागचं जग नाहीसं होतं. ज्या टोळीसाठी, ज्या घरासाठी त्यानं हात रक्तात बुडवले, ते चौकटीत कुठेच नाही. पटकथेत लिहिलेली गोष्ट एक सांगते, आणि रंग तिच्याशी हुज्जत घालतो.

त्याच वर्षीच्या ‘यूथ ऑफ द बीस्ट’मध्ये सुरुवात कृष्णधवल आहे, तीत फक्त एक फूल लाल. एका टोळीचं कार्यालय चित्रपटगृहाच्या पडद्यामागे आहे, त्यामुळे गुंड बोलत असतात तेव्हा पाठीमागे प्रचंड चेहरे हलत असतात. दुसऱ्या टोळीची खोली नाइटक्लबला लागून, मधे एकतर्फी काच. गुंडही आणि आपणही सारखे काहीतरी पाहत बसलेले, आणि काचेपलीकडचा आवाज ऐकू येत नाही. हे मला नुसत्या सजावटीपेक्षा खूप जास्त वाटतं.

निळा सूट

‘टोकियो ड्रिफ्टर’ 1966 चा. तेत्सुया वातारीनं साकारलेला तेत्सु आपल्या म्हाताऱ्या म्होरक्याबरोबर गुन्हेगारी सोडतो. म्होरक्यानं सरळ मार्गानं जायचं ठरवलंय, म्हणून हा मार खातो पण हात उचलत नाही. अंगावर फिकट निळा सूट. बर्फाच्या प्रदेशात, रेल्वेच्या रुळांवर, सासेबोच्या दारूच्या गुत्त्यात तो तसाच परीटघडीचा फिरतो आणि अधूनमधून चित्रपटाचं शीर्षकगीत गुणगुणतो. गुत्त्यातली हाणामारी तर थेट अमेरिकी काउबॉय चित्रपटातून उचललेली, खुर्च्या-बाटल्यांसकट.

कथेचा कणा मात्र कडवट आहे. ज्याच्यासाठी हा वणवण फिरला तो म्होरक्याच शत्रूशी हातमिळवणी करून याला मारायला संमती देतो. खाल्ल्या मिठाला जागणारा एकटा उरतो, मीठ घालणाराच उलटतो. शेवटची चकमक होते ती पांढऱ्याफेक, जवळजवळ रिकाम्या नाइटक्लबात. प्रेयसी समोर उभी असताना तेत्सु तिला सोडून निघून जातो, कारण भटक्याला संसार परवडत नाही.

या चित्रपटाबद्दल माझं मत पूर्ण अनुकूल नाही. शेवटच्या त्या पांढऱ्या दालनात शैली आणि आशय एकजीव होतात: निष्ठा नावाची गोष्टच रिकामी ठरली, म्हणून जागाही रिकामी. पण मधल्या प्रवासात कित्येक दृश्यं नुसती देखणी आहेत. सासेबोची हाणामारी काढून टाकली तर मौज कमी होईल, तेत्सुचं दुःख तसूभरही कमी होणार नाही.

तीन नंबरचा माणूस

‘ब्रँडेड टू किल’मध्ये मात्र एकही दृश्य उचलून बाजूला ठेवता येत नाही. मारेकऱ्यांची एक संघटना आहे, तिच्यात क्रमवारी आहे, आणि हानादा तीन नंबरवर. जो शिशिदो या नटानं शस्त्रक्रिया करून गाल फुगवून घेतले होते. त्या चेहऱ्यामुळे हानादा पहिल्याच दृश्यापासून जरा अनैसर्गिक वाटतो. एका सावजाला तो तळघरातून, बेसिनच्या सांडपाण्याच्या नळीतून गोळी घालतो. जिम जार्मुश यांनी ‘घोस्ट डॉग’मध्ये 1999 साली या युक्तीला उघड सलाम केला.

मग एका कामात, नेम धरलेला असताना, दुर्बिणीवर फुलपाखरू येऊन बसतं. नेम चुकतो, भलताच माणूस मरतो आणि हानादाची क्रमवारीतली जागा जाते. आता त्यालाच मारायला माणसं सुटतात. हे काम त्याला देणारी मिसाको मेलेल्या फुलपाखरांनी भरलेल्या घरात राहते. ही भूमिका करणाऱ्या अन्नू मारी यांचे वडील भारतीय होते, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

शेवटी एक नंबरचा मारेकरी येतो आणि हानादाला मारण्याऐवजी त्याच्याच घरात मुक्काम ठोकतो. दोघं हातात हात अडकवून वावरतात. एक नंबर उघड्या डोळ्यांनी झोपतो, आणि पाळत ढळू नये म्हणून बसल्या जागी विजारीत लघवी करतो. त्याच्या लेखी खरा व्यावसायिक असाच असतो. पाहताना हसू येतं आणि मग घशात अडकतं. हा माणूस अव्वल आहे, आणि अव्वल राहण्यापायी माणूसपणाचं शेवटचं चिन्हही त्यानं सोडलंय.

साठच्या दशकातला जपान नोकरी, बढती आणि उत्पादनाच्या आकड्यांवर धावत होता. ‘मी कितवा?’ हा हानादाचा प्रश्न त्याच देशातला आहे. तुटक सांधे, अचानक बदलणाऱ्या जागा, कोण कुठून गोळी झाडतोय याचा न लागणारा पत्ता हे सगळं त्याच्या डोक्यातून पाहिलेलं जग आहे. सरळ क्रमानं, नीट उलगडून सांगितली असती तर ही गोष्ट एका मारेकऱ्याच्या अपयशाची साधी कथा झाली असती. अध्यक्षांना जे ‘कळलं नाही’, तोच तिचा आशय.

निकाल

एप्रिल 1968 मध्ये सुझुकींना काढून टाकलं. त्याच सुमारास एका चित्रपट मंडळानं त्यांच्या चित्रपटांचा महोत्सव ठरवला होता; कंपनीनं प्रती देणं नाकारलं. विद्यार्थी आणि रसिक रस्त्यावर उतरले, सुझुकी कोर्टात गेले. 1971 च्या डिसेंबरमध्ये तडजोड झाली, कंपनीनं नुकसानभरपाई दिली. पण इतर स्टुडिओंनीही त्यांना दारं बंद केली होती, आणि पुढचा चित्रपट करायला 1977 उजाडलं. ‘आशय नाही’ या शेऱ्याची किंमत एका माणसानं आपल्या उमेदीच्या जवळपास दहा वर्षांनी चुकती केली, याचं मला आजही वाईट वाटतं.

साधेपणाही घडवावा लागतो

शैलीचा दुसरा टोकाचा नमुना किंजी फुकासाकु यांचा. 1973 पासून आलेली त्यांची ‘बॅटल्स विदाउट ऑनर अँड ह्युमॅनिटी’ ही पाच चित्रपटांची मालिका हिरोशिमा आणि कुरे भागातल्या खऱ्या टोळीयुद्धावर बेतलेली. पहिल्या भागाची सुरुवात अणुस्फोटाच्या ढगानं, मग युद्धानंतरचा काळा बाजार. हातात धरलेला, धक्के खाणारा कॅमेरा. माणूस मेला की चित्र गोठतं आणि नाव-तारीख पडद्यावर येते. पाहणाऱ्याला वाटतं, हे तर वृत्तपत्रातलं सत्य, यात शैली कसली? पण तो गोंधळ बेतून उभा केलेला आहे.

त्यातलं एक दृश्य सांगतो. नायक हिरोनो प्रायश्चित्त म्हणून करंगळी तोडतो. निंक्यो चित्रपटात हा पवित्र विधी असता. इथे तोडलेलं बोट उडून जातं, सगळी टोळी अंगणभर शोधते, आणि ते सापडतं कोंबड्यांच्या खुराड्यात. गिरीच्या कल्पनेची इतकी नेमकी वासलात क्वचितच कुणी लावली असेल. सुझुकींच्या तांबड्या भिंतीनं जे केलं तेच हे खुराडं करतं.

गोळीबारात न हलणारी माणसं

ताकेशी किटानो मूळचे विनोदवीर. त्यांच्या 1993 च्या ‘सोनातिने’मध्ये टोकियोची टोळी ओकिनावाला जाते आणि लपण्यासाठी समुद्रकिनाऱ्यावर राहते. बराच वेळ काहीच घडत नाही. माणसं कागदी पैलवानांची कुस्ती खेळतात आणि मग वाळूत स्वतःच तसे पैलवान होतात. रात्री दारूकामाच्या नळ्यांनी एकमेकांवर मारा करतात. गुत्त्यातल्या चकमकीत मात्र कुणी वाकत नाही, आडोसा घेत नाही. उभ्या जागी गोळ्या झाडतात आणि उभ्या जागी मरतात. शेवटचं हत्याकांड तर बाहेरून, खिडकीतल्या उजेडाच्या लखलखाटात दिसतं. किटानोंनी शैली वजाबाकीनं घडवली, आणि त्या वजाबाकीतून मरणाला कंटाळून सामोरा जाणारा माणूस समोर आला. या प्रकारात याहून उत्तम चित्रपट मी पाहिलेला नाही.

ताकाशी मिइके यांच्या ‘डेड ऑर अलाइव्ह’बद्दल असं म्हणवत नाही. 1999 च्या या चित्रपटाची सुरुवातीची काही मिनिटं श्वास रोखायला लावतात, आणि शेवट पृथ्वीच हादरवून टाकतो. पण त्यातली टोळी चीनमध्ये मागे राहिलेल्या जपान्यांच्या मुलांची आहे. दोन्ही देशांना नकोशी झालेली माणसं. हा विषय मोठा होता, आणि आतषबाजीनं तो झाकला. ‘नुसती शैली’ ही तक्रार मला इथे पटते.

कुठून सुरुवात करावी

थेट ‘ब्रँडेड टू किल’ला हात घालू नका. आधी एखादा निंक्यो चित्रपट पाहा. केन ताकाकुरांचा 1965 चा ‘अबाशिरी प्रिझन’ही चालेल. साचा ओळखीचा झाला की ‘यूथ ऑफ द बीस्ट’, मग ‘टोकियो ड्रिफ्टर’, आणि त्यानंतर हानादा. ‘ब्रँडेड टू किल’ची लांबी दीड तासाच्या आसपासच आहे. तो दोनदा पाहा, आणि दुसऱ्यांदा पाहताना गोष्ट समजून घेण्याची धडपड सोडून द्या.