काळा चिखल मेलेला नसतो

विश्वामित्रीच्या काठी रामबाणाची दाटी पाहिली की बडोद्यात कुणी म्हणतं, नदी नासली म्हणून हे गवत माजलं. कुणी म्हणतं, असू द्या, तेच पाणी साफ करतं. यातलं दुसरं मत सध्या जास्त लोकप्रिय आहे, म्हणून तेच तपासू.

रामबाण, देवनळ, जलपर्णी विषारी धातू नष्ट करतात, हा सर्वांत मोठा गैरसमज. तेलाचे रेणू जिवाणू तोडू शकतात, पण शिसं, कॅडमियम, क्रोमियम ही मूलद्रव्यं आहेत. ती तुटत नाहीत. फार तर त्यांचं रूप बदलतं आणि मुक्काम बदलतो. रामबाणासारख्या वनस्पतींत बहुतेक धातू मुळांतच अडकून राहतो, पानांत थोडाच चढतो. म्हणजे वरचं गवत कापून नेलं की धातूही गेला, असं होत नाही. उलट सांडपाण्याच्या तळ्यातली जलपर्णी तपासल्याविना खत म्हणून वांग्याच्या वाफ्यात घालणं हा शुद्ध अडाणीपणा आहे.

मग मुळांशी नेमकं काय चालतं? चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो. रामबाण आपल्या पोकळ ऊतींतून हवा खाली नेतो आणि ती मुळांतून थोडी पाझरते. तिथे लोह गंजतं, मुळांवर तांबूस थर चढतो. लोहावर जगणारे जिवाणू त्याला हातभार लावतात. आर्सेनिक, शिसं या थराला चिकटतं. मुळांपासून काही मिलिमीटर दूर मात्र पुन्हा प्राणवायूच्या अभावाचं राज्य. तिथले जिवाणू सल्फेटवर श्वसन करतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. त्याच्याशी कॅडमियम, जस्त, तांबं जखडलं जाऊन न विरघळणारी सल्फाइडं बनतात. काळ्या, सडक्या अंड्यासारख्या वासाच्या चिखलाला आपण मेलेला समजतो. तो प्रत्यक्षात भलताच जिवंत असतो. अर्थात नुसत्या वासावरून धातू आहेत की नाहीत ते कळत नाही. घरगुती मैल्यानेही तोच वास येतो.

क्रोमियमची गोष्ट बडोद्याला जवळची आहे. गोरवा भागातल्या क्रोमियमयुक्त कचऱ्याचं प्रकरण इथे गाजलेलं आहे. सहा-संयुजी क्रोमियम पाण्यात विरघळतं आणि कर्करोगकारक आहे. अनेक जिवाणू त्याचं तीन-संयुजी रूप करतात. ते कमी विषारी असतं आणि गाळात बसतं. मात्र मातीतल्या मँगनीजच्या ऑक्साइडांमुळे उलटा प्रवासही होऊ शकतो.

प्रदूषित मातीत धातू सोसणारे जिवाणू सापडले की बातमी येते, ‘शुद्धीकरण करणारे जिवाणू सापडले’. सोसणं वेगळं, साफ करणं वेगळं. कित्येक जिवाणू धातू पेशीत शिरताच पंपाने बाहेर फेकतात. पाण्यातला धातू तेवढाच राहतो. या सहनशक्तीची जनुकं अनेकदा प्रतिजैविकांना दाद न देण्याची ताकद देणाऱ्या जनुकांच्या शेजारीच बसलेली असतात, ही आणखी एक पंचाईत. आणि पाऱ्यापाशी तर तेच सल्फेटवाले जिवाणू शत्रू होतात: त्यांतले काही मिथिल-पारा बनवतात, जो माशांमधून माणसात चढत जातो. डबाबंद जिवाणू विकत आणून तळ्यात ओतणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आणखी एक समज असा की इथल्या कारखान्यांचं सगळं पाणी विश्वामित्रीतच जातं. नंदेसरी पट्ट्यासह अनेक उद्योगांचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी १९८३पासून सुमारे ५५ किलोमीटरच्या कालव्यातून खंभातच्या आखाताकडे नेलं जातं. त्यामुळे शहरातल्या नदीचं दुखणं मुख्यतः शहराच्या मैल्याचं आहे. धातू कुठे किती, ते जागोजागी मोजूनच ठरेल.

ऑगस्ट २०२४च्या पुरानंतर विश्वामित्रीचं पात्र उकरून रुंद करण्यात आलं. पुराच्या दृष्टीने त्यामागचं कारण समजण्यासारखं आहे. पण ज्या गाळात धातू सल्फाइडरूपात जखडलेले असतील तो उन्हात वाळला की सल्फाइडांना हवा लागते, आम्ल तयार होतं आणि धातू पुन्हा सुटतात. गाळ तपासल्याशिवाय शेतात वा भरावात टाकू नये, ते याचसाठी.