डबा गेला, बिंदू राहिला

इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टन शहरात 'द कॉमन' नावाचं मोठं रान आहे. सुमारे १४८ हेक्टर, जुनी झाडं, तळी, गवत आणि कडेला १८४६ साली सुरू झालेली दफनभूमी. अशा जागी एखाद्या ओकच्या बुंध्याशी फोनवरचा बाण थांबतो, शून्य मीटर म्हणतो, आणि पालापाचोळा बाजूला सारला तरी हाताला काहीच लागत नाही. जिओकॅशिंग खेळणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला हा क्षण येतो. खेळ साधा आहे. कुणीतरी डबा लपवतो, आत नोंदवही ठेवतो, अक्षांश-रेखांश खेळाच्या संकेतस्थळावर जाहीर करतो. बाकीच्यांनी तो शोधायचा, सही करायची आणि होता तसा परत लपवायचा. जगभर असे तीस लाखांहून जास्त डबे आहेत. डबा सापडला की आनंद होतो आणि माणूस पुढे निघतो. पण सापडला नाही की माणसाच्या विचारशक्तीची खरी परीक्षा सुरू होते. डबा तिथे नाहीच, की आहे आणि आपल्याला दिसत नाही?

एखादी वस्तू 'आहे' हे दाखवायला एक नजर पुरते. 'नाही' हे ठरवायला कितीजणांनी शोधावं लागतं? प्रत्येक डब्याला लपवणाऱ्याने १ ते ५ अशी अवघडपणाची श्रेणी दिलेली असते, आणि उत्तर तिच्यात दडलेलं आहे. समजा डबा इतका सोपा आहे की दहापैकी नऊजणांना तो मिळतोच. मग लागोपाठ तिघे रिकाम्या हाताने परतले, तर डबा जागेवर असूनही असं घडण्याची शक्यता हजारात एक. पण दहापैकी तिघांनाच सापडेल असा डबा असेल, तर तिघांनाही न सापडण्याची शक्यता शंभरात चौतीस निघते. तेच तीन अपयशी शोध एका ठिकाणी जवळजवळ पुरावा ठरतात आणि दुसऱ्या ठिकाणी त्यांना फारसा अर्थ नसतो. म्हणून 'सापडला नाही' ही नोंद, जिला खेळाडू डीएनएफ म्हणतात, प्रामाणिकपणे करणं मला या खेळातलं सर्वांत मोलाचं काम वाटतं. कितीतरी जण संकोचाने ती करत नाहीत, आणि मग डबा लपवणाऱ्या मालकाला वाटत राहतं की सगळं ठीक आहे.

शोधणाऱ्याची दिशाभूल फोनही करतो. उपग्रह २०,२०० किलोमीटर उंचीवर, आणि त्यांच्यापासूनचं आपलं अंतर मोजायचं ते संदेशाला लागलेल्या वेळावरून. सेकंदाच्या अब्जाव्या भागाची चूक झाली, तर अंतरात ३० सेंटिमीटरची चूक होते. दाट पानांखाली, ओल्या फांद्यांवर आपटून आलेला संदेश थोडा लांबचा रस्ता घेतो आणि बाण पाच-दहा मीटर सरकतो. पाच मीटरच्या चुकीचं वर्तुळ म्हणजे सुमारे ७८ चौरस मीटर जमीन. फिल्मच्या रिळाची डबी त्यात कुठेही असू शकते.

डबे खरोखर नाहीसे होतात तेही नाना तऱ्हांनी. खारी प्लास्टिकची झाकणं कुरतडतात. कुंपणं बदलली जातात, नगरपालिकेची माणसं झुडपं छाटतात. २०१२ पासून ब्रिटनमध्ये अ‍ॅश झाडांना बुरशीचा रोग लागला आहे आणि रस्त्याकडेची रोगट झाडं पाडावी लागतात. अशा झाडाच्या ढोलीत डबा असेल तर तोही झाडाबरोबर जातो. टेस्ट आणि इचेन या दोन नद्या शहरापाशी समुद्राला मिळतात, आणि तिथलं भरतीचं पाणी चढून झाल्यावर पटकन उतरत नाही, बराच वेळ वरच रेंगाळतं. काठावर डबा ठेवताना हे ध्यानात घ्यावंच लागतं.

नाहीशा झालेल्या डब्याचं पुढे काय करायचं, याची एक सुंदर शिस्त या लोकांनी बसवली आहे. आधी डीएनएफच्या नोंदी साठतात. मग कुणीतरी मालकाला कळवतो की एकदा येऊन बघा. मालक गेला, डबा बदलला, नोंद केली, की प्रश्न मिटला. मालक गप्प राहिला तर संकेतस्थळाचा परीक्षक, जो स्वतःही स्वयंसेवक असतो, डबा तात्पुरता बंद करतो आणि साधारण चार आठवडे वाट बघतो. तरीही उत्तर आलं नाही तर डबा कायमचा 'अर्काइव्ह' होतो, म्हणजे चालू यादीतून निघतो. ज्याला आपला डबा सांभाळणं जमत नाही, तो दुसऱ्याला दत्तकही देऊ शकतो.

एका गोष्टीला मात्र जाणती मंडळी ठाम विरोध करतात. डबा सापडला नाही म्हणून शोधणाऱ्याने मालकाला न विचारता नवी डबी टाकायची आणि सापडल्याची सही ठोकायची, ही ती गोष्ट. यामागे मदतीची भावना असली तरी जुना डबा अनेकदा जागेवरच असतो. मग एकाच झाडाशी दोन डब्या होतात आणि पुढचा खरं काय ते कधीच ठरवू शकत नाही. वर त्या दुसऱ्या डबीची काळजी घेणारंही कुणी नसतं.

बेवारस डब्याचं ओझं खेळाबाहेरच्या लोकांवरही पडतं. जुलै २०११ मध्ये यॉर्कशायरमधल्या वेदरबी गावात एका कॅफेबाहेरचा छोटा डबा संशयास्पद वाटला. रस्ते बंद झाले आणि लष्कराच्या बॉम्बशोधक पथकाने तो स्फोट करून उडवला. साउथहॅम्प्टन तर मोठं बंदर आहे. तिथे डब्यावर स्पष्ट ओळख लिहिणं आणि जमिनीच्या मालकाची परवानगी घेणं, ही दोन्ही कामं आधी करायची असतात.

या शहराचा आणि बेवारस खुणांच्या या प्रश्नाचा आणखी एक संबंध आहे, आणि तो कळला तेव्हा मी अक्षरशः थरारून गेलो. ब्रिटनचे नकाशे काढणारी ऑर्डनन्स सर्व्हे ही संस्था साउथहॅम्प्टनची. टॉवर ऑफ लंडनला आग लागल्यावर १८४१ साली ती इथे आली, १९४० च्या बॉम्बहल्ल्यांत तिच्या इमारती उद्ध्वस्त झाल्या, तरी तिने शहर कायमचं सोडलं नाही. आज ती अ‍ॅडनॅक पार्कमध्ये आहे. १९३६ साली तिने मार्टिन होटाईन यांच्या योजनेनुसार देशभर टेकड्यांच्या माथ्यावर काँक्रीटचे खांब उभारायला घेतले. साडेसहा हजारांच्या आसपास खांब झाले. प्रत्येकावर मोजणीयंत्र बसवायचं, समोरच्या दोन खांबांकडे बघून कोन मोजायचा, त्रिकोणाला त्रिकोण जोडत अख्खा देश विणायचा. मग उपग्रह आले आणि खांब निरुपयोगी ठरले. आता सुमारे ११० स्थिर उपग्रह-ग्राहकांचं जाळं ते काम करतं.

२ मे २००० रोजी अमेरिकेने जीपीएसच्या संदेशात मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली. सुमारे शंभर मीटरची अनिश्चितता एकदम दहा-वीस मीटरवर आली. दुसऱ्याच दिवशी ओरेगॉनमध्ये डेव्ह उल्मर यांनी एक काळी बादली पुरली आणि हा खेळ जन्मला. ज्या उपग्रहांनी खांबांना बेवारस केलं, त्यांनीच डब्यांना जन्म दिला. उल्मर यांची बादलीही टिकली नाही. तिच्या जागी २००३ साली स्मृतिफलक बसवला गेला.

आणि खांबांचं काय झालं? १९९० च्या दशकात ऑर्डनन्स सर्व्हेने लोकांना ते दत्तक घ्यायला बोलावलं. हजारो खांब आजही उभे आहेत, त्यांना रंग देणारे, त्यांच्या नोंदी ठेवणारे हौशी लोक आहेत. खांब पडला तरी बऱ्याच ठिकाणी त्याच्या पायाखाली जमिनीत पुरलेली आणखी एक खूण असते. मोजणीचा बिंदू तोच, खांब त्याचा फक्त वरचा भाग.

ही युक्ती आपल्याकडेही होती. १८०२ मध्ये मद्रासला भारताची महान त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणाऱ्या विल्यम लॅम्ब्टन यांचे लोक दगडावर वर्तुळ आणि मधोमध बिंदू कोरत, आणि चौथऱ्याखाली खूण पुरून ठेवत. नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ रोजी लॅम्ब्टन वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारले. त्यांची कबर तिथेच आहे. मराठी वाचकाने या विषयाचा माग काढला, तर तो आपल्याच गावांपर्यंत येऊन पोहोचतो.

पण बिंदू तरी जागेवर राहतो का? युरोपचं भूपट्ट वर्षाला साधारण अडीच सेंटिमीटर सरकतं, भारताचं त्याच्या दुप्पट. २००० साली ब्रिटनमध्ये पुरलेला डबा कुणी हात न लावता उपग्रहांच्या चौकटीत साठेक सेंटिमीटर सरकला आहे, आणि तेव्हाच महाराष्ट्रात पुरला असता तर सव्वा मीटर. म्हणून साउथहॅम्प्टनचे नकाशाकार १९८९ च्या स्थितीला, युरोपच्या भूपट्टाला घट्ट बांधलेली चौकट वापरतात. ती खंडाबरोबरच वाहते, त्यामुळे रस्ते आणि घरं नकाशावर जागेवर राहतात. डबा शोधणाऱ्याला अर्धा-पाऊण मीटर जाणवणार नाही, पण पायाखालची जमीन चालते आहे या कल्पनेने मला अजूनही भारावल्यासारखं होतं.

अर्काइव्ह केलेल्या डब्याचं संकेतस्थळावरचं पान पुसलं जात नाही. कुणाकुणाला तो सापडला, पावसात कोण भिजलं, कुणाच्या मुलीने आयुष्यातली पहिली सही तिथे केली, सगळं वाचता येतं. जंगलात मात्र तोच डबा कचरा होऊन पडलेला असू शकतो. म्हणून कुणाला जुना, यादीतून गेलेला डबा दिसला, तर त्याने मालकाला विचारून तो उचलून न्यावा. २००२ पासून हे खेळाडू ठरवून कचरा वेचायलाही जमतात.

यात एक व्यवहारही आहे. दोन डब्यांमध्ये किमान १६१ मीटर अंतर हवं असा नियम आहे. त्या हिशेबाने अख्ख्या कॉमनमध्ये साठ-सत्तर डबे मावतील, अधिक नाहीत. नसलेला डबा यादीत राहिला की तेवढी जागा अडून राहते. तो अर्काइव्ह झाला की भोवतालचं वर्तुळ मोकळं होतं, आणि परवानगी काढून, हवाबंद डब्यात कोरी नोंदवही घालून कुणालाही तिथे नवा डबा लपवता येतो.