मन निबर होऊ देऊ नका

१ जुलै २०२३. आमच्या बुलडाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ, समृद्धी महामार्गावर, मध्यरात्रीनंतर नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली. २५ माणसे दगावली. काच फोडून बाहेर पडलेल्यांनी जाणाऱ्या गाड्यांना मदत मागितली, पण कुणी थांबले नाही, असे पिंपळखुट्याच्या गावकऱ्यांनी तेव्हा सांगितले.

अमडापूरला चहाच्या टपरीवर आम्हीही त्या गाडीवाल्यांना नावे ठेवली. "माणुसकी उरली नाही" म्हणालो. त्याच पावसाळ्यात आमच्या वस्तीतले एक वयोवृद्ध उपासक तीन रविवार विहारात आले नाहीत. आम्ही रोज त्यांच्या दारावरून ऑफिसला जात होतो. ते तापाने अंथरुणाला खिळले आहेत, हे त्यांना दवाखान्यात हलवल्यावर कळले. मग आमच्यात आणि त्या गाडीवाल्यांत फरक तो काय?

'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात परमपूज्य बाबासाहेबांनी एक प्रसंग दिला आहे. अतिसाराने आजारी भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडला होता. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला लावले, दोघांनी त्याला धुतले, उचलून निजवले. इतर भिक्खूंना विचारले, तेव्हा उत्तर मिळाले : तो आमच्या काही उपयोगाचा नाही. बंधुभगिनींनो, निष्ठुरपणाचे मूळ इथेच आहे. माणूस आपल्या किती कामाचा, हे मोजू लागलो की मन निबर होते. गावकुसाबाहेर ठेवून ज्यांच्या दुःखाकडे सवर्णांनी पाठ फिरवली, त्यांच्या लेकरांनी तरी हे माप हाती धरू नये.

कुणी म्हणतात, धम्मातच उपेक्षा सांगितली आहे. पण ती उपेक्षा म्हणजे बेपर्वाई नव्हे, हे बाबासाहेबांनी दहा पारमिता समजावताना स्पष्ट केले आहे. फळाने विचलित न होता काम करीत राहणे, ती उपेक्षा. काम सोडून बसणे नव्हे.

रस्त्यावर मदत केली तर पोलिसांचे झंझट मागे लागेल, ही भीतीही आता नको. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेले कलम १३४-अ मदत करणाऱ्याला संरक्षण देते.

आता आमच्या विहारात रविवारी वंदना झाली की आम्ही विचारतो, आज कोण आले नाही? आणि दोघे जण त्या घरी जाऊन येतात. याला वर्गणी लागत नाही. आपल्याही विहारात एवढे सुरू करावे, ही विनंती. जयभीम!