आम्लधर्मी लिपिडांचे वस्तुमान वर्णपटमितीय विश्लेषण

आम्लधर्मी लिपिडांचे वस्तुमान वर्णपटमितीय विश्लेषण ही पेशींमधील ऋण विद्युतभारित मेदद्रव्ये ओळखण्याची व त्यांचे प्रमाण मोजण्याची पद्धत आहे. फॉस्फॅटिडिक आम्ल, फॉस्फॅटिडिलसेरीन, फॉस्फॅटिडिलइनॉसिटॉल, कार्डिओलिपिन व सल्फॅटाइड ही या वर्गातील प्रमुख लिपिडे होत. त्यांच्या फॉस्फेट किंवा सल्फेट गटावरील ऋण भार हा या मापनाचा आधार आहे; मुख्य अडचणही त्यातूनच उद्भवते.

निष्कर्षण

ऊतकातील लिपिडे क्लोरोफॉर्म व मिथेनॉल यांच्या मिश्रणाने वेगळी करतात. फोल्च (१९५७) आणि ब्लाय व डायर (१९५९) यांच्या पद्धती यासाठी रूढ आहेत. भारित रेणूंचा काही अंश मात्र पाण्याच्या थरात राहून वाया जातो. द्रावण किंचित आम्लयुक्त केल्यास रेणूंवरील भार कमी होतो व ते खालच्या क्लोरोफॉर्मच्या थरात उतरतात. आम्ल अधिक झाल्यास प्लाझ्मलोजेनसारखी नाजूक लिपिडे तुटतात. ही हानी हिशेबात धरता यावी म्हणून ज्ञात प्रमाणातील संदर्भ लिपिड निष्कर्षणापूर्वीच नमुन्यात मिसळतात.

मापन

इलेक्ट्रोस्प्रे आयनीकरणात रेणू न तुटता वायुरूप आयन बनतात. या पद्धतीच्या विकासासाठी जॉन फेन यांना २००२ मध्ये रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. आम्लधर्मी लिपिड प्रोटॉन सहज गमावत असल्याने त्यांचे मापन बहुधा ऋण आयनांच्या रूपात होते. त्यानंतर आयन तोडून त्याच्या तुकड्यांवरून वर्ग ठरवतात. उदाहरणार्थ, स्टिअरिक व ओलेइक आम्लांच्या साखळ्या असलेले फॉस्फॅटिडिलसेरीन ७८८.५ या वस्तुमान-भार गुणोत्तरावर आढळते; सेरीनचा ८७ वस्तुमानाचा भाग निघून गेल्यावर ७०१.५ चा आयन उरतो. फॉस्फॅटिडिलइनॉसिटॉलचा ओळखीचा तुकडा २४१ वर, तर सल्फॅटाइडचा ९७ वर मिळतो. विपुल लिपिडांमुळे विरळ लिपिडांचा संकेत दबू नये म्हणून नमुना आधी द्रव वर्णलेखनाने विभागतात.

उपयोग

एबीएचडी१२ या जनुकातील दोषामुळे फार्क हा दुर्मिळ चेताविकार होतो, हे २०१० मध्ये स्पष्ट झाले. त्यात चेताविकृती, बहिरेपणा, तोल जाणे, दृष्टिपटलाचा ऱ्हास व मोतीबिंदू ही लक्षणे दिसतात. हे जनुक नसलेल्या उंदरांच्या मेंदूत लायसोफॉस्फॅटिडिलसेरीन साचते, असे २०१३ मध्ये वस्तुमान वर्णपटमितीनेच दाखवून दिले. एकच मेदाम्ल साखळी असलेले हे लिपिड ऊतकात अल्प प्रमाणात असते; त्यामुळे निष्कर्षणातील चूक रोगाची खूणच पुसून टाकू शकते. पुण्यातील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत (स्थापना २००६) सिद्धेश कामत यांचा गट याच लिपिडांच्या चयापचयाचा अभ्यास करतो.