शुश्रूषा : काम कोणाचे?

बुलढाणा जिल्ह्यातील मोताळा तालुक्यात धामणगाव बढे हे गाव आहे. अशा गावांत कोणते काम बायकांचे आणि कोणते पुरुषांचे, हे कोणी लिहून ठेवलेले नसते. तरी ते सर्वांना ठाऊक असते. पुरुष डवरणी करतात, बायका निंदण करतात आणि कापूस वेचतात. घरचा स्वयंपाक बायकांकडे असतो. पण लग्नाच्या मांडवात बिर्याणीची देग चढते, तेव्हा तिच्याजवळ बावर्ची उभा असतो, आणि तो पुरुष असतो. घरात सदऱ्याचे तुटलेले बटण आई लावते. बाजारातल्या दुकानात मात्र शिलाई यंत्रावर शिंपी बसलेला दिसतो. म्हणजे काम तेच असते. घरात फुकट केले की ते बायकांचे होते आणि बाहेर पैसे मिळू लागले की ते पुरुषांचे होते!

एक काम मात्र याला अपवाद आहे. त्याचा पगार मिळतो, तरी मुले तिकडे वळायला संकोचतात. ते काम म्हणजे आजाऱ्याची शुश्रूषा. दवाखान्यात शुश्रूषा करणारी ती 'सिस्टर', अशी आपली समजूत झाली आहे. सरकारी रुग्णालयांतील पदांची नावेही अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका अशी स्त्रीलिंगी पडली. एखादा मुलगा "मी नर्सिंगला जाणार" असे म्हणाला, तर मित्र हसतात. हे हसणे योग्य आहे का, ते इतिहासाला विचारू या.

'चरकसंहिता' हा आयुर्वेदाचा प्राचीन ग्रंथ आहे. त्यात उपचाराचे चार आधार सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाच्या अंगी चार गुण असावेत, असेही त्यात म्हटले आहे. त्याला सेवेचे ज्ञान हवे, हात कुशल हवा, रोग्याविषयी माया हवी आणि स्वच्छता हवी. कैरो शहरात सुलतान कलावून याने 1284 साली मोठे बीमारिस्तान, म्हणजे रुग्णालय, बांधले. तेथे पुरुषांचे आणि स्त्रियांचे विभाग वेगळे होते. पुरुष रोग्यांची सेवा पुरुष सेवक करीत आणि स्त्रियांची सेवा स्त्रिया करीत. उर्दूतला 'तीमारदार' हा शब्द पाहा. तो पुरुषालाही लागतो आणि स्त्रीलाही लागतो.

मग हे काम केवळ स्त्रियांचे कसे ठरले? फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 1854 साली क्रिमियाच्या युद्धातील जखमी सैनिकांची सेवा केली. पुढे 1860 साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी परिचारिकांची शाळा सुरू केली. या शाळेमुळे शुश्रूषेला शास्त्राची बैठक मिळाली आणि असंख्य स्त्रियांना मानाने पोट भरता आले. हे फार मोठे कार्य होते. परंतु त्या शाळेत प्रवेश फक्त स्त्रियांना होता. तोच नमुना पुढे अनेक देशांत गेला आणि पुरुष या कामापासून दूर राहिले.

तरीही आपल्याच भागात शुश्रूषा करणारे मोठे पुरुष होऊन गेले. जळगाव जिल्ह्यातील अमळनेर येथे साने गुरुजी 1924 ते 1930 या काळात शिक्षक होते. ते वसतिगृहही सांभाळीत. मुलांच्या खोल्या झाडणे, त्यांचे कपडे धुणे, आजारी मुलाच्या उशाशी बसणे ही कामे ते स्वतः करीत. वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमात परचुरे शास्त्री नावाचे संस्कृत पंडित राहत होते. त्यांना कुष्ठरोग झाला होता. गांधीजी स्वतःच्या हातांनी त्यांच्या अंगाला मालीश करीत असत. वरोऱ्याचे वकील मुरलीधर देवीदास आमटे, म्हणजेच बाबा आमटे, यांनी एकदा भर पावसात रस्त्याकडेला पडलेला एक कुष्ठरोगी पाहिला. प्रथम ते भीतीने तेथून निघून गेले. पण मनाला ते पटेना. ते परत आले आणि त्यांनी त्या माणसाची अखेरपर्यंत सेवा केली. त्यातूनच पुढे 'आनंदवन' उभे राहिले. या तिघांना कोणी दुबळे म्हणाले नाही. उलट रोगाच्या भीतीवर मात करणे, याला मोठे धैर्य लागते.

शुश्रूषा म्हणजे काय, तेही समजून घेऊ. अंथरुणाला खिळलेल्या रोग्याची कूस साधारणपणे दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. सलाईनचे थेंब मोजावे लागतात. ताप आणि रक्तदाब यांची नोंद ठेवावी लागते. औषधाचे प्रमाण चुकले, तर जीव जाऊ शकतो. येथे डोळे उघडे आणि हात हलके ठेवावे लागतात.

यात लाजेचाही प्रश्न असतो. खेड्यातील एखाद्या वृद्धाला अनोळखी स्त्रीने अंग पुसलेले आवडत नाही. तो संकोचाने दुखणे लपवतो आणि दुखणे वाढते. अशा वेळी पुरुष परिचारक, म्हणजे 'ब्रदर', जवळ असला तर त्याचा जीव भांड्यात पडतो. स्त्रियांच्या आणि बाळंतिणींच्या खोलीत मात्र स्त्रियाच हव्यात, अशी अनेकांची इच्छा असते. तिचाही मान राखला पाहिजे.

आज बारावीत जीवशास्त्रासह विज्ञान शिकलेल्या मुलांना आणि मुलींना बी. एस्सी. नर्सिंगचा चार वर्षांचा अभ्यासक्रम खुला आहे. काही दारे मात्र मुलांना अजून बंद आहेत. सहायक परिचारिका प्रसाविका, म्हणजे ए. एन. एम., हा अभ्यासक्रम फक्त मुलींसाठी आहे.

मुलींनी डॉक्टर, वकील, पोलीस व्हावे, असे आपण आता अभिमानाने म्हणतो, आणि ते योग्यच आहे. मग मुलाने परिचारक व्हायचे ठरवले, तर हसायचे कशाला? चरकाने सांगितलेले चार गुण पुन्हा आठवा : ज्ञान, कौशल्य, माया आणि स्वच्छता. यांपैकी कोणता गुण फक्त पुरुषाचा आहे आणि कोणता फक्त स्त्रीचा? तापाने फणफणलेला माणूस पाण्याचा पेला पुढे करणारा हात कोणाचा, हे विचारीत नाही. तो हात वेळेवर पुढे आला, एवढेच त्याला पुरते.