ओहोटीचे घड्याळ

पाठीवर पिशवी टाकून कोकणचा किनारा पायी हिंडणाऱ्याला अलिबागचा कुलाबा किल्ला मोह घालतोच. समुद्रातला हा किल्ला ओहोटीला चालत गाठता येतो. भरतीला मात्र परतीची वाट पाण्याखाली जाते. मग निघावे केव्हा?

कोकणात एक जुना हिशेब आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. द्वितीया असेल तर दोनाची पाऊणपट दीड. रात्री दीडला भरती, म्हणून सव्वासहा तासांनी, सकाळी पावणेआठच्या सुमारास, ओहोटी. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पुरी करते तोवर चंद्रही पुढे सरकलेला असतो. त्यामुळे भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. पाऊणपटीचे मूळ हेच. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, पाणी फारसे उतरत नाही, हेही लक्षात ठेवा.

पाणी एकाच वेगाने चढत नाही. एकूण चढ ४ मीटर धरला, तर पहिल्या तासात ते जेमतेम ३३ सेंटिमीटर चढते. तिसऱ्या व चौथ्या तासात मात्र प्रत्येकी १ मीटर! सुरुवातीची संथ चाल पाहून गाफील राहणारा येथेच अडकतो. म्हणून ओहोटी पुरी होण्यापूर्वीच किल्ल्यावर जावे आणि भरती लागताच परतावे.

खडकही खूण सांगतात. जेथवर कालवे चिकटलेली दिसतात, तेथवर पाणी येतेच. त्याशिवाय ती जगणार कशी?

हिशेब ठोकळ आहे. निघण्यापूर्वी भरती-ओहोटीचे कोष्टक पाहा आणि किनाऱ्यावरच्या कोळ्यांना विचारा.