‘कळवतो’ म्हणाले, मग पुढे काय?

सुपे किंवा नागापूरच्या एमआयडीसीत मुलाखत छान होते. ओघात ‘गाव कोणतं, आडनाव काय’ हेही विचारून होतं. नगर जिल्ह्यात जात ओळखायला तेवढं पुरतं. अर्जातल्या पत्त्यात वस्तीचं नाव असेल तर विचारायचीही गरज नाही. वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला, पण जुन्या कागदांवरचा पत्ता आपोआप बदलत नाही. मग ‘कळवतो’ म्हणतात आणि फोन येत नाही.

जात आड आली, की दुसरा उमेदवार खरंच सरस होता? एका नकारावरून सांगता येत नाही. म्हणून अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि न्यूयॉर्कचे पॉल अ‍ॅटवेल यांनी ऑक्टोबर २००५ पासून ६६ आठवडे एक प्रयोग केला. खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण, अनुभव तोलामोलाचा. फरक फक्त नावाचा. पुढचं बोलावणं येण्याचं पारडं उच्चवर्णीय हिंदू नावाला १ धरलं, तर दलित नावाला ०.६७ आणि मुस्लिम नावाला ०.३३ निघालं. पद्धत बिनतोड आहे, पण ती भेदभावाचा कल दाखवते. तुम्हाला डावलणारा साहेब कोण, हे नाही.

कोर्टाला नेमका तोच हवा असतो. आणि त्याचा पहिला बचाव ठरलेला: ‘जात माहीतच नव्हती.’ इथे अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचं कलम ८ कामी येतं. आरोपी तुम्हाला किंवा तुमच्या घरच्यांना ओळखत असेल, तर त्याला जात ठाऊक होती असं कोर्ट गृहीत धरतं. उलट सिद्ध करणं त्याच्यावर. साखर कारखान्याच्या किंवा शिक्षणसंस्थेच्या गावात, जिथे सगळे सगळ्यांना ओळखतात, हे कलम फार मोलाचं. पुण्याहून आलेल्या एचआरपुढे मात्र त्याचा उपयोग नाही. नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ चं कलम १२ आणखी पुढे जातं: अनुसूचित जातीच्या माणसाबाबत त्या कायद्याखाली गुन्हा ठरणारं कृत्य घडलं, तर ते अस्पृश्यतेपोटीच घडलं असं धरलं जातं. पण नोकरीत मज्जाव झाला, हे आधी तक्रारदारानेच दाखवायचं.

त्यासाठी जाहिरातीचं कात्रण, अर्जाची पोच, मुलाखतीचा मेसेज जपावा. व्हॉट्सअ‍ॅपचा नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही; भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, म्हणून मूळ फोन विकू नये. जिल्हा परिषदेसारख्या सरकारी भरतीत माहिती अधिकारात निवडीचे निकष आणि गुण मागता येतात. शिवाय घटनेचं कलम १६ पाठीशी असतं. खासगी कंपनीकडे माहिती अधिकाराचा अर्ज चालत नाही.

अनुसूचित जाती-जमातींत न मोडणाऱ्या भटक्या-विमुक्तांना आणि मुस्लिम उमेदवारांना ही दोन्ही गृहीतकं मिळत नाहीत. थोरातांच्या तक्त्यातला सर्वांत खालचा आकडा मुस्लिम नावांचाच होता.